लिवलात का, गुरुजी?

आमच्या गावात भागाबाईला ओळखत नाही असा माणूस नाही, आणि ती ग्रामसभेला आली की तोंड वाकडं करत नाही असेही फार थोडे. मी पण करायचो. म्हणून आधीच सांगून टाकतो. ही गोष्ट भागाबाईची आहे, पण तिच्यातली लाज माझी आहे. ती दुसऱ्या कुणाच्या पदरात टाकायचा माझा विचार नाही.

बसवकल्याणहून उमरग्याच्या रस्त्याला लागलं की थोड्या अंतरावर डावीकडे एक फाटा फुटतो, तिथं आत, कर्नाटकाच्या हद्दीत, आमचं गाव. घरात मराठी, कचेरीत कन्नड, बाजारात समोरचा बोलेल ती भाषा. मी राघोबा, इथल्याच शाळेत एकतीस वर्षं मास्तरकी करून निवृत्त झालो. दोन्ही भाषा लिहिता-वाचता येतात, त्यामुळे ग्रामसभेत मंचावर माझी एक खुर्ची ठरलेली. तालुक्याहून सभेवर देखरेख करायला जो अधिकारी येतो तो बहुतेक वेळा म्हैसूर-हासनकडचा असतो, त्याला मराठी कळत नाही. गावातल्या कुणी मराठीत गाऱ्हाणं मांडलं की मी ते कन्नडमध्ये अधिकाऱ्याला सांगायचं, आणि त्याच वेळी एका चिठ्ठीवर उतरवून कारकुनाकडे सरकवायचं. कारकून ती चिठ्ठी बघून सभेच्या बुकात लिहिणार. बुकात आलं की पंचायतीला त्याचा जाब वर द्यावा लागतो. बुकात नाही आलं तर ते कुणी बोललंच नाही असं धरायचं. एवढी सत्ता माझ्या पेनात होती, आणि मी चारचौघांत सांगायचो की आपली ही फुकटची समाजसेवा चाललीय.

भागाबाई माहेरची उदगीरकडची. अठरा-एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन आमच्या गावातल्या बौद्ध गल्लीत आली. नवरा बाबूलाल विहिरी खोदायच्या कामावर जायचा. तो अंगावर दरड कोसळून गेला तेव्हा पोरगा नागेश पाच वर्षांचा होता. तिनं तुरीच्या रानात खुरपून त्याला शिकवलं, आणि तो बारावी होऊन फौजेत लागला. त्या दिवशी तिनं गावभर साखर वाटली. माझ्या दारातही आली होती. मी बाहेर येऊन साखर घेतली, शाबासकी दिली, आणि तिला आत बोलावलं नाही. तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

कन्नड तिला बाजारापुरतं येतं. वांगी कशी दिली, बस कधी सुटणार, एवढं. वाचता कुठलीच भाषा येत नाही, सही तेवढी येते, ती नागेशनं भरतीला जाताना शिकवली. रेशनकार्डावर सुनेचं, मराठी शाळेत सातवी शिकलेल्या अंजूचं नाव चढवायला तिला चार वर्षं हेलपाटे घालावे लागले होते. तेव्हापासून जे लिहिलं जात नाही ते होत नाही, हे तिच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. त्यामुळे सभेत बोलून झालं की ती माझ्याकडे वळायची आणि विचारायची, “लिवलात का, गुरुजी?” मी तिच्याच बोलीत म्हणायचो, “लिवलं, लिवलं.” मग ती खाली बसायची.

बसायची ती स्वतःच्या बारदानावर. घरून येताना काखेत मारून आणायची. एकदा सतरंजी कमी पडली म्हणून तिच्या गल्लीतल्या बायांना उठवून मागं उभं केलं होतं. त्यानंतर ती पंचायतीच्या सतरंजीवर कधी बसली नाही. सगळ्यांच्या आधी यायची, अगदी पुढं बारदान अंथरायची आणि मंचाकडे बघत बसायची. मला त्या बघण्याचा राग यायचा. वर्गात पहिल्या बाकावर बसून मास्तरची चूक शोधणाऱ्या पोरासारखी वाटायची ती.

तिचं गाऱ्हाणं एकच होतं, पाण्याचं. मागच्या वर्षी नवी पाइपलाइन टाकली, तेव्हा खोदाई वाचवायला तिच्या गल्लीतला पाइप सरळ गटाराच्या खालून नेला. सांधे ढिले. दोन-तीन महिन्यांतच नळाला वास मारणारं पाणी यायला लागलं. चार लेकरांना कावीळ झाली, त्यात तिची सहा वर्षांची नात. अंजू तिला घेऊन बसवकल्याणच्या दवाखान्यात आठ दिवस होती.

पहिल्या सभेत भागाबाई हे बोलली तेव्हा मी चिठ्ठी लिहिली होती, हे माझ्या बाजूनं सांगण्यासारखं एवढंच. सभा संपल्यावर आमच्या पंचायतीचे अध्यक्ष बालाजी अण्णा चहाचा कप घेऊन माझ्या शेजारी बसले. माणूस तसा वाईट नाही, अडीनडीला धावून येतो, बोलायला गोड.

“गुरुजी, ती पाण्याची चिठ्ठी बुकात नका घालू,” ते म्हणाले. “म्या करून देतो की. बुकात आलं की वरून चौकशी लागतीय, मग माझं सगळं वर्ष त्यातच जायलंय.”

मी कारकुनाकडून चिठ्ठी परत मागून घेतली, फाडली आणि तुकडे सदऱ्याच्या खिशात घातले. दुसऱ्या सभेत भागाबाई तेच बोलली, तेव्हा मी चिठ्ठी लिहिलीच नाही. अधिकाऱ्याला वरवर काहीतरी सांगितलं आणि नुसतं पेन हलवलं. तिला अक्षर वाचता येत नव्हतं, पण पेन हललेलं दिसत होतं. “लिवलात का, गुरुजी?” “लिवलं, लिवलं.” एकतीस वर्षं पोरांना कॉपी करू नका म्हणून छड्या मारल्या, आणि म्हातारपणी मी हे केलं.

पुढच्या उन्हाळ्यात एका दूरच्या देशात लढाई पेटली. देशाचं नाव सांगत नाही. गावातल्या निम्म्या लोकांना ते धड उच्चारताही येत नव्हतं. पण टीव्हीवर रोज तेच चाललेलं, त्यामुळे आप्पारावच्या हॉटेलात रोज संध्याकाळी आमची सभा भरायची, आणि तिथं मी अधिकारी, मीच कारकून. बशी म्हणजे समुद्र, कप म्हणजे रणगाडे, साखरेचा डबा म्हणजे शत्रूची राजधानी. “आपण आता गप्प बसून भागणार नाही,” मी टेबलावर हात आपटून म्हणायचो, “फौज घुसवायलाच पाहिजे!” आप्पाराव म्हणायचा, व्हय गुरुजी. सगळे म्हणायचे, व्हय गुरुजी. बसवकल्याणच्या स्टँडसमोरचा रस्ता ओलांडायचा झाला तर मी शेजारच्याचा दंड धरतो. आणि चहाच्या एका कपावर दुसऱ्यांची पोरं समुद्रापार धाडत होतो.

अशात तिसरी सभा आली. त्या दिवशी भागाबाई एकटी नव्हती. तिच्या गल्लीतल्या सात-आठ बाया नळाचं पाणी बाटल्यांत भरून घेऊन आल्या होत्या. पिवळट, तळाला गाळ. बाटल्या मांडीशी धरून त्या ओळीनं बसल्या. बालाजी अण्णांनी मंचावरून त्या बाटल्या बघितल्या आणि त्यांचा चेहरा उतरला. त्या दिवशी तालुक्याहून नवा अधिकारी आला होता, हासनकडचा, आणि गावच्या बातम्या देणारा एक वार्ताहरही हजर होता.

अण्णा उठले. म्हणाले, आजच्या विषयांच्या आधी देशाचा विषय. त्या लढाईत आपल्या सरकारनं फौज पाठवावी असा आपल्या ग्रामसभेचा ठराव करून वर पाठवू, आपलं गाव लहान असलं तरी मन लहान नाही. टाळ्या झाल्या, घोषणा झाल्या. ज्यांचा पाठिंबा आहे त्यांनी हात वर करा, म्हणाले. सगळ्यात आधी हात वर केला तो मंचावरून मी. मग दोनशे हात वर गेले. मागच्या ओळीतल्या ग्यानबानं शेजारच्याला विचारलं, “हात कामून वर करायलेत रे?” तो म्हणाला, “देशासाठी.” ग्यानबानं दोन्ही हात वर केले.

भागाबाईचे हात मांडीवरच होते. एका हातात बाटली.

अण्णांना ते दिसलं. “भागाक्का, तुमचा नागेश फौजेत हाय,” ते मोठ्यानं म्हणाले. “गावाला अभिमान हाय. तुमी दोन शब्द बोला की.”

ती उठली. ती काय बोलली ते मला शब्दन् शब्द आठवतं.

“आमच्या नळाला गटाराचं पाणी यायलंय, आधी ते लिवा,” ती बाटली वर धरून म्हणाली. “तीनदा सांगितलं. लेकरं पिवळी पडायलीत. आन लढाईचं म्हणाल, तर आपल्या देशावर कुणी चालून आलं तर माजा नाग्या हाय की हुबा. त्याच्यासाठीच गेलाय त्यो. पर दुसऱ्याच्या भांडणात त्याला कामून धाडायचं? हात वर करणाऱ्यांत कुणाचं लेकरू हाय फौजेत? सांगा की.”

कुणाचंच नव्हतं. दोनशे माणसांत एकाचंही नव्हतं. वर गेलेले काही हात हळूहळू खाली आले.

हासनकडचा अधिकारी माझ्याकडे वाकला. “एनु हेळ्तिद्दारे अवरु?” काय म्हणतायत त्या?

बालाजी अण्णा माझ्याकडे बघत होते. वार्ताहर वही उघडून बसला होता. आणि माझा स्वतःचा हात सगळ्यांत आधी वर गेला होता, तो आता खाली कसा आणू? खुर्चीची चटक, अण्णांची भीड, आणि एका खुरपणाऱ्या बाईनं माझं एवढं मोठं मत सगळ्यांसमोर निकालात काढलं याचा राग, या तिन्ही गोष्टी एकदम उसळून आल्या. मी माइक ओढला आणि पुस्तकी कन्नडमध्ये सांगितलं, की या जवानाच्या माता आहेत, त्यांचा ठरावाला पूर्ण पाठिंबा आहे, आपल्या पुत्राला परदेशी रणांगणावर धाडायला त्या आनंदानं तयार आहेत.

पाण्याचं नावसुद्धा घेतलं नाही.

भागाबाई आणि तिच्या गल्लीतल्या त्या बाया सोडल्या तर आमच्या गावात जवळजवळ सगळ्यांना दोन्ही भाषा कळतात. ती काय बोलली ते त्यांनी ऐकलं होतं, मी काय सांगितलं तेही ऐकलं होतं. मग कोपऱ्यातून कुणीतरी टाळी वाजवली, आणि सगळ्यांनी वाजवली. अधिकारी उभा राहून वाजवू लागला.

भागाबाईला वाटलं, टाळ्या पाण्यासाठी वाजतायत. शेवटी एकदाचं ऐकलं साहेबांनी, असं तिला वाटलं असणार, कारण तिचा चेहरा उजळला आणि तिनं बाटली काखेत धरून सगळ्यांना हात जोडले. मग माझ्याकडे वळली.

“लिवलात का, गुरुजी?”

“लिवलं,” मी म्हणालो. त्या वेळी मी खरंच लिहिलं होतं. मी बोललो ते सगळं चिठ्ठीवर उतरवून कारकुनाकडे सरकवलं होतं. सभा घोषणा देतच संपली. बायांनी आणलेल्या बाटल्या तिथंच जमिनीवर राहिल्या, कुणी त्या उघडूनही बघितल्या नाहीत.

दोन दिवसांनी कन्नड पेपरात भागाबाईचा हात जोडलेला फोटो आला. वर मथळा, माझा मुलगा देशाला दिला, जवानाच्या आईचा निर्धार. कुणीतरी तो फोटो नागेशला पाठवला. त्यानं फोन केला, “आई, तू असं म्हणलीस व्हय? हितं सगळे पेढे मागायलेत माझ्याकडं.” पोरगा रागावला नव्हता म्हणे, नुसतं विचारत होता. पण अंजू फोन ऐकून दिवसभर चुलीपुढून उठली नाही.

भागाबाई पेपर घेऊन माझ्या दारात आली. मी पायरीवर आलो. तिनं घडी उलगडून फोटो दाखवला.

“गुरुजी, काय लिवलंय हे? पेपरवाल्यानं काय तरी घोटाळा केला जणू. म्या तर पाण्याचं बोलले.”

तेव्हा सांगता आलं असतं. ती, मी आणि दाराबाहेरचा लिंब, चौथं कुणी नव्हतं. पण मी म्हणालो, “पेपरवाल्यांचं काय खरं असतं, भागाक्का! काहीबाही छापतात.”

“पर बुकात बरोबर हाय न्हवं? तुमीच लिवलाव म्हणून मला घोर न्हाई.”

“बुकात बरोबर आहे,” मी म्हणालो. ती बिनघोर परत गेली. त्या दिवसापासून मी आप्पारावच्या हॉटेलात जायचं सोडलं, आणि लोकांना सांगितलं की पित्त झालंय.

लढाईत आपली फौज गेली नाही. आमचा ठराव वर कुणी वाचला असेल असंही मला वाटत नाही. महिनाभरात टीव्हीवर क्रिकेट आलं आणि गाव त्या देशाचं नाव विसरलं. पिवळं पाणी मात्र येतच होतं.

चौथ्या सभेला नवी अधिकारी आली. अंबिका मॅडम, तिशीतली मुलगी, उन्हानं रापलेली. मी नेहमीसारखा माइक पुढं ओढला, तर ती मराठीतच बोलायला लागली. “मी बीदरजवळच्या नौबादची. मराठी येते मला. गुरुजी, भाषांतराची गरज नाही, तुम्ही फक्त मागच्या सभेचं बुक वाचा. मराठीत, सगळ्यांना कळेल असं, एकूण एक ओळ.”

मागचं बुक वाचून कायम करायचं असतं हा नियमच आहे. आमच्याकडे ‘वाचलं असं समजा’ म्हणून पुढं जायची पद्धत. मी अण्णांकडे बघितलं. अण्णांनी छताकडे बघितलं. बुक माझ्या हातात आणि मॅडम शेजारी, तिला कन्नडही वाचता येत होतं. एक शब्द इकडचा तिकडे करायची सोय नव्हती.

मी वाचत गेलो. भागाबाई समोर बारदानावर मान पुढं काढून ऐकत होती. आपलं नाव आलं तसं तिनं शेजारणीला कोपरानं ढोसलं. मी पुढं वाचलं. श्रीमती भागाबाई यांनी ठरावास पूर्ण पाठिंबा दिला व आपल्या पुत्रास परदेशी युद्धात पाठविण्यास आनंदाने संमती दिली. ठराव सर्वानुमते मंजूर. सभा समाप्त.

ती वाट बघत राहिली. पुढं पाण्याचं येईल म्हणून. मी बुक मिटलं तेव्हा तिच्या लक्षात आलं.

ती उठली. ओरडली नाही. ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं.

“म्या पाणी मागितलं हुतं, गुरुजी,” ती म्हणाली. “तुमी माजं लेकरू देऊन टाकलाव.”

सभेत दीडशे माणसं होती. सगळ्यांच्या माना खाली. मॅडमनं मला विचारलं, “गुरुजी, त्या असं बोलल्या होत्या?”

“न्हाई,” मी म्हणालो. आयुष्यभर शुद्ध बोलणारा मी, त्या वेळी तोंडातून घरातलं ‘न्हाई’ निघालं. “त्या पाण्याचं बोलल्या होत्या. तीन सभा बोलल्या. मी एकदाही लिहू दिलं नाही.”

मॅडमनं दुरुस्ती स्वतःच्या हातानं बुकात कन्नडमध्ये आणि मराठीतही लिहिली, पाण्याची तक्रार त्याखाली लिहिली, आणि पंधरा दिवसांत जाब मागितला. भागाबाईला सही करायला बोलावलं. तिनं चार अक्षरांना चांगली दोन मिनिटं लावली. मी मंचावरून उतरलो आणि मागच्या दारानं घरी गेलो. त्या खुर्चीवर पुन्हा बसलो नाही. त्यात माझा काही मोठेपणा नाही, कुणी बोलावलंही नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी तिच्या घरी गेलो. एकाच गावात जन्म गेला, पण त्या गल्लीत मतदार यादीच्या कामापुरताच गेलो होतो, उंबरा कधी ओलांडला नव्हता. भागाबाई दारात तूर पाखडत होती. मला बघून सूप खाली ठेवलं, आत जाऊन खाट टाकली आणि म्हणाली, “या, बसा.” मी खाटेवर बसलो.

तिनं पाण्याचा पेला समोर धरला. मी हातात घेतला आणि थांबलो. खोटं कशाला बोलू, मी पाण्याकडे बघत राहिलो. ते कुठून येतं ते मला माहीत होतं. कोपऱ्यात तिची नात बसली होती, आजारपणानं अजून वाळलेली, ती पण माझ्याकडे बघत होती.

“भिऊ नका, उकळल्यालं हाय,” भागाबाई म्हणाली. “सगळ्यांपुरतं उकळाया जळण पुरत न्हाई. नातीपुरतं आन पाव्हण्यापुरतं उकळून ठेवते.”

मी पाणी प्यालो. पेला खाली ठेवला, आणि एवढंच म्हणू शकलो, “चूक झाली, भागाक्का. लई वाईट केलं म्या. काल मॅडमनं सगळं बुकात लिहिलं, तुमचं म्हणणं जसंच्या तसं. म्या डोळ्यांनी बघितलं, बरोबर लिहिलंय.”

तिनं सूप परत मांडीवर घेतलं.

“व्हय का,” ती म्हणाली. “उद्या अंजूला पाठवते, वाचून येईल.”